बॅटरी हातात की बंदुकीवर?
(गेल्या गणेशोत्सवात मंडळाच्या व्यासपीठावर दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



विषय फळ्यावर लागल्यापासून मला तीन फोन आले. "गणपतीत बंदुकीचं व्याख्यान कसलं?" असा तिघांचाही सूर. त्यांचं चूक नाही. या व्यासपीठावर आपण मधुमेह ऐकला, ज्ञानेश्वरी ऐकली, मोदकाच्या उकडीवरसुद्धा तासभर ऐकलं. पण समोर बसलेल्या किती घरांचा एक पाय अजून गावात आहे, हे मला माहीत आहे. कुणाचं गाव जांबोटी-कणकुंबीकडे, कुणाचं लोंढा-नागरगाळीकडे, कुणाची शेती निपाणीकडे दूधगंगा-वेदगंगेच्या काठाला. भात पोटरीत आलंय, ऊस डोक्याच्या वर गेलाय. आपण इथे आरती करून प्रसाद घेऊन झोपणार आणि कुणाचा तरी भाऊ किंवा चुलता माळ्यावर राखणीला बसणार. त्याच्या हातात बॅटरी असणार, आणि काही घरांत परवान्याची ठासणीची बंदूकही. आजचं बोलणं त्याच्यासाठी आहे. ते तुम्ही फोनवरून त्याच्यापर्यंत पोहोचवा.

मी शिकारी नाही. इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केला, सरकारी खात्यात लागलो आणि वीस वर्षांहून जास्त काळ इमारतींतल्या दिव्यांचे हिशेब करतो आहे. टेबलावर किती उजेड पडला पाहिजे, जिन्यात किती, असा. ऑफिसात टिपणी कन्नडमधून आणि घरी भांडण मराठीतून, म्हणजे तुमच्यासारखाच. बंदूक चालवावी की नाही हे सांगायला मी आलेलो नाही. दिव्याबद्दल मात्र चार गोष्टी कळतात.

आधी बेळगाव शहराचीच आठवण करून देतो. ऑगस्ट २०२२ मध्ये जाधवनगरात बिबट्या दिसला आणि नंतर तो गोल्फ मैदानाच्या झाडीत शिरला. आसपासच्या शाळांना सुट्ट्या द्याव्या लागल्या, पिंजरे लावले, कॅमेरे बांधले, शिमोग्याजवळच्या सक्रेबैल शिबिरातून हत्ती आणले. बिबट्या काही हाती लागला नाही. त्या दिवसांत तिकडच्या प्रत्येक गच्चीवरून रात्री बॅटरीचे झोत फिरत होते. लोक मला विचारायचे, "एवढे दिवे आहेत, बंदुका आहेत, मग रात्रीच बेशुद्धीचं इंजेक्शन मारून का मोकळे होत नाहीत?" इंजेक्शन लागलं तरी औषध चढायला काही मिनिटं जातात. तेवढ्यात जनावर झाडीत घुसतं आणि अर्धवट गुंगीतल्या बिबट्यामागे अंधारात जायचं कोणी? दिव्याने नेम धरता येतो म्हणजे रात्रीचा दिवस झाला, असं होत नाही. पहिली गोष्ट एवढीच लक्षात ठेवा.

आता बंदुकीकडे येतो. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे आणि आपल्याकडच्या बऱ्याच जुन्या परवान्यांचं मूळ तिथे आहे. निवडणूक लागली की त्या बंदुका ठाण्यात जमा करायच्या, झाली की परत आणायच्या; हा प्रकार खेड्यातल्या मंडळींना पाठ आहे. पण राखणीचा परवाना म्हणजे जनावर मारायचा परवाना नव्हे. गवा आणि हत्ती १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत आणि डुकरासाठीसुद्धा वनखात्याची परवानगी लागते. बंदूक राखणीची आहे, तिचं रोजचं काम आवाज करून हाकलण्याचं. हे धरूनच पुढचं ऐका.

पूर्वी राखणीला कंदील असायचा, मग पितळी बॅटरी आली, दोन सेलची, तीन सेलची. ती हातातच असायची, कारण ती जड होती आणि बार काढला की धक्क्याने तिचा बल्ब जायचा. एलईडी आल्यापासून ती अडचण गेली. एलईडीत तुटायला तार नाही. बॅटरी अंगठ्याएवढी झाली, आणि मग आमच्या लोकांनी ती सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने थेट नळीला बांधली. आता तर त्यासाठी तयार क्लॅम्प मिळतात. बांधणाऱ्याचं म्हणणं साधं आहे: लांब बंदुकीला दोन्ही हात लागतात, मग बॅटरी धरायला तिसरा हात कुठून आणू?

हे म्हणणं खोटं नाही, ते आधी मान्य करतो. पिस्तुलाचं वेगळं असतं. पिस्तूल एका हातात राहतं, म्हणून दुसऱ्या हातात बॅटरी धरायच्या अनेक पद्धती परदेशी पोलिसांत रूढ झाल्या. एकीत बॅटरीचा हात शरीरापासून लांब वर धरतात, म्हणजे कुणी उजेडावर गोळी झाडली तर ती अंगाला लागू नये. ही पद्धत एफबीआयच्या नावाने ओळखली जाते. हॅरिस नावाच्या अमेरिकन प्रशिक्षकाच्या पद्धतीत डावा हात उजव्याच्या खालून नेऊन दोन्ही हातांच्या पाठी एकमेकींवर दाबतात. लांब बंदुकीला यातलं काहीच नीट लागू पडत नाही. म्हणून सैन्यात, कमांडोंत, ज्यांना अंधाऱ्या खोलीत शिरायचं आहे आणि आत शत्रू आहे हे आधीच ठाऊक आहे, त्यांच्या बंदुकीवर दिवा असणं योग्यच. दार ढकलायला हात मोकळा राहतो आणि दिवा नळीच्या रेषेत राहतो. पण आपला चुलता कुठल्या खोलीत शिरणार आहे? तो उसात बघतोय आणि उसात कोण आहे हे त्याला ठाऊक नाही. ठाऊक नाही, म्हणूनच तर तो बॅटरी लावतोय.

(इथे सभागृहातले दिवे मालवून एक प्रात्यक्षिक दाखवलं. एका मुलाच्या हातात काठी दिली, काठीच्या टोकाला छोटी बॅटरी बांधलेली होती. शेवटच्या रांगेत कोण बसलंय ते बघून सांग, असं त्याला सांगितलं. त्याने काठी खांद्याला लावली आणि एकेका चेहऱ्यावरून झोत फिरवत नावं सांगितली.)

दिवे लावा. बाळ, शाबास, सगळी नावं बरोबर सांगितलीस. आता मंडळी, ही काठी बंदूक आहे असं समजा. हा मुलगा चौदा माणसांवर बंदूक रोखून आला. त्यात त्याचे आजोबा होते. त्याने काही वावगं केलं नाही, मी सांगितलं तेवढंच केलं. दिवा नळीला बांधला की बघायचं असेल तिथे नळी न्यावीच लागते. बंदूक हातात देताना प्रत्येक बापाने मुलाला जे पहिलं सांगितलेलं असतं, की जे मारायचं नाही त्यावर नळी धरू नकोस, ते त्या ट्यूबच्या पट्टीने एका मिनिटात मोडून टाकलं.

परदेशी प्रशिक्षक यावर उत्तर देतात: नळी जमिनीकडे धरा, जमिनीवरून उसळलेल्या उजेडात खोली दिसते. खरं आहे, पांढऱ्या भिंतींच्या खोलीत दिसते. मी रोज हेच हिशेब करतो. पांढरं छत बहुतेक उजेड परत देतं. पण खानापूरची लाल माती, बेळगावच्या बाजूची काळी माती आणि दीड पुरुष उंचीचा ऊस, यातून काय परत येणार?

आता ज्याच्यासाठी मी खरा इथे उभा राहिलो, ते सांगतो. डोळ्यांची चमक. रात्री बॅटरी मारली की गाई-म्हशींचे, कुत्र्या-मांजरांचे, बिबट्याचे, गव्याचे डोळे चमकतात. त्यांच्या डोळ्याच्या पडद्यामागे उजेड परत फेकणारा एक थर असतो. आपल्या डोळ्यांत तो नाही. हे बऱ्याच जणांना माहीत असतं. माहीत नसतं ते पुढचं: डुकराच्या डोळ्यांतही तो थर नाही. म्हणजे ज्या जनावरासाठी आपण रात्र जागवतो, त्याचेच डोळे म्हशीसारखे पेटत नाहीत.

याचा अर्थ राखणीच्या माळ्यावर बसून लावून बघा. डोळे चमकले, तर ती शेजाऱ्याची सुटलेली म्हैस असू शकते. नाही चमकले, तर तो शेजारी असू शकतो. उसात काहीतरी हलतंय, पाचट वाजतंय, काळं दिसतंय आणि डोळे चमकत नाहीत, म्हणजे डुक्करच, असं मनाशी धरून बार काढणाऱ्याने माणसाची आणि डुकराची एकच खूण धरलेली असते. डुक्कर समजून माणसावर बार गेल्याच्या बातम्या आपण पश्चिम घाटाच्या या पट्ट्यात वाचत आलो आहोत, आणि बहुतेक वेळा मेलेला माणूस मारणाऱ्याच्या सोबतचाच असतो. त्यात रात्री उसात माणूस नसतो असं समजणारा शेतकरी मला दाखवा. निपाणीकडे जंगल नाही, पण थ्री-फेजची पाळी रात्रीची आली की मोटर चालू करायला, पाट फिरवायला माणूस रात्री दोनला उसातच असतो. हंगामात ऊसतोडीच्या टोळ्या पहाटेच्या अंधारात फडात उतरतात. आडोशाला गेलेली बाई असते. ती बॅटरी लावत नाही, आणि झोत अंगावर आला तर हाक मारायच्या ऐवजी खाली बसते. खाली बसलेलं, न चमकणारं, काळं काहीतरी.

मग ओळखायचं कसं? इथे हातातली बॅटरी कामाला येते आणि ती दोन प्रकारे धरावी लागते. आधी कपाळाशी, डोळ्याच्या रेषेत. कारण ती चमक ज्या वाटेने उजेड गेला त्याच वाटेने परत येते. बॅटरी कमरेशी धरलीत तर चमक नीट दिसत नाही. चमक आहे की नाही ते कळलं की बॅटरीचा हात पूर्ण लांब करा, डावीकडे. उजेड बाजूने पडला की सावली पडते आणि सावलीने आकार कळतो. फोटो स्टुडिओवाल्याला विचारा, तो दिवा कधी कॅमेऱ्याच्या डोक्यावर ठेवत नाही, चेहरा सपाट येतो म्हणून. नळीला बांधलेली बॅटरी म्हणजे तोच सपाट उजेड: पाठ कुठली, डोकं कुठलं, चार पाय की दोन, काही सुटं होत नाही. हातातली बॅटरी हलवता येते, आणि हलवली की सावली हलते आणि वस्तू उठून दिसते. नळीवरची हलवायची तर नळी हलवायची. एवढा साधा फरक आहे.

दुसरा फरक आपल्या हवेचा. चोर्ला घाटातून रात्री गाडी आणलेल्यांना सांगायला नको, की धुक्यात हेडलाइटचा झोत वर केला की समोर पांढरी भिंत उभी राहते. फॉग लॅम्प म्हणूनच बंपरच्या खाली असतो, डोळ्यापासून लांब. पावसात आणि धुक्यात, डोळ्यासमोरच्या नळीवर बॅटरी असली की तीच भिंत उभी राहते. हात खाली आणि लांब नेला की ती बरीच विरते. आणि ठासणीच्या बंदुकीत काळी दारू असते. बार निघाला की पांढरा धूर, आणि त्याच धुरावर तुमची नळीवरची बॅटरी. जनावर पळालं, पडलं, की उलटून अंगावर आलं, हे त्या क्षणी कळणं सगळ्यात गरजेचं असतं, आणि त्याच क्षणी तुम्ही आंधळे.

उजेड किती लागतो? दुकानदार ल्यूमेन सांगतो. ल्यूमेन म्हणजे बॅटरीतून चहूकडे मिळून निघणारा एकूण उजेड. तो लांब किती पोहोचतो ते त्यावरून कळत नाही. त्यासाठी खोक्यावर कँडेला हा आकडा बघा आणि त्याला अंतराच्या वर्गाने भागा. दहा हजार कँडेलाची बॅटरी असेल तर १० मीटरवर १०० लक्स, ५० मीटरवर ४ लक्स, १०० मीटरवर अवघा १ लक्स. पौर्णिमेचं चांदणं साधारण पाव लक्स असतं. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाईवर येतो, हे सूत्र लक्षात ठेवलंत तरी पुरे. ठासणीच्या बंदुकीचा खात्रीचा पल्ला तीस-चाळीस पावलांचा, तिथे ही बॅटरी ओळख पटवायला पुरते. छर्रे मात्र त्याच्या पुष्कळ पलीकडे जातात, जिथे तुमचा उजेड संपलेला असतो.

आणि डोळ्यांचंही बघा. उजेडातून अंधारात गेल्यावर डोळा पूर्ण सरावायला जवळजवळ अर्धा तास लागतो. एकदा स्वतःच्याच बॅटरीचा झोत जवळच्या पाचटावर आपटून डोळ्यात आला की तो अर्धा तास गेला. म्हणून सारखी चालू-बंद करू नका. मोबाइल तर माळ्यावर न्यायचा तो खिशात ठेवायला.

बटणाबद्दल एक सांगायचं राहिलं. नळीवरच्या दिव्याचं बटण कुठे असावं, हा छोटा प्रश्न नाही. अमेरिकेत टेक्सासमधल्या प्लानो शहरात २०१० साली एका पोलिसाच्या पिस्तुलातून गोळी सुटून समोरचा माणूस मेला. मला पिस्तुलाखालचा दिवा लावायचा होता, असं त्या पोलिसाने सांगितलं. बटण पिस्तुलाच्या मुठीवर, चापाच्या खालीच होतं. तो प्रशिक्षण घेतलेला माणूस होता. घाबरलेल्या हाताची बोटं एकेक करून हलत नाहीत, सगळी एकदम आवळतात. आमच्याकडे तर बटणाची वायर दस्त्यापर्यंत ओढून चापाजवळ टेपने चिकटवलेली मी स्वतः पाहिली आहे. घरात मुलं होती. मी ती वायर तिथल्या तिथे काढायला लावली, चहा नंतर घेतला.

मग तिसऱ्या हाताचं काय करायचं? तिसरा हात दुसऱ्या माणसाचा. आमच्या सासुरवाडीच्या गावात जुनी रीत होती: राखणीला दोघं, एक बॅटरीवाला आणि एक बंदूकवाला, आणि हुकूम बॅटरीवाल्याचा. बॅटरीवाला जाणता असायचा. तो बघायचा, हाक मारायचा, "कोण रे तिकडे?" असं मराठीत आणि कन्नडमध्येही, आणि तो "हं" म्हणेपर्यंत बंदूक आडवीच राहायची. हल्ली दोन माणसं परवडत नाहीत. पोरं पुण्याला, बेंगळुरूला. एकटा माणूस बसतो आणि मग ती ट्यूबची पट्टी येते. मला विचाराल तर एकट्याने बंदूक नेऊच नये. बॅटरी आणि फटाके न्यावेत. डुक्कर हाकलायला तेवढं पुष्कळ होतं. आणि न्यायचीच झाली, दिवा नळीवर बांधलाच, तर हातात दुसरी बॅटरी हवीच. बघायचं हातातल्या बॅटरीने. नळीवरची लावायची ती सगळं ठरल्यानंतर, शेवटच्या अर्ध्या क्षणाला.

जिम कॉर्बेटने हेच केलं. रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या त्याने २ मे १९२६ च्या रात्री गोलाबराईला आंब्याच्या झाडावर बसून मारला. बकरी कुठे बांधली आहे, बिबट्या कुठून येणार, हे त्याला उजेड असतानाच ठाऊक होतं. बकरीच्या गळ्यातली घंटा वाजली, रायफल खांद्याला होती, त्याने बॅटरीचं बटण दाबलं, नेम जनावरावरच होता, चाप ओढला. आणि बॅटरी विझली. ती त्याची आयुष्यातली पहिलीच बॅटरी होती. कित्येक महिने बाळगली होती, पण सेल तपासावे लागतात हे त्याला माहीत नव्हतं. जनावर मेलं की नाही हे कळायला त्याला उजाडेपर्यंत झाडावर बसावं लागलं. म्हणून निघताना सेल बघा, आणि पावसाळ्यात सेलच्या टोकांवरचं पांढरं भुकट खरवडून काढा. नळीवर बांधलेल्या बॅटरीत बाराच्या धक्क्याने सेल सरकून दिवा क्षणभर जाऊ शकतो. स्प्रिंग मऊ झाली असेल तर ती बदला.

शेवटी दोन प्रश्न आले, त्यांची उत्तरं इथे देतो.

एक ताईंनी विचारलं, डोक्याला बांधायच्या बॅटरीचं काय? पाणी पाजायला, मोटर बघायला ती उत्तम. दोन्ही हात मोकळे राहतात आणि लांबून माणूस आहे हे कळतं, म्हणून उसात जाणाऱ्या प्रत्येकाने ती लावूनच जावं. राखणदाराला मात्र ती धुक्यात उपयोगाची नाही, आणि बोलताना समोरच्याचे डोळे दिपवते.

दुसरा प्रश्न खानापूरच्या काकांचा: हत्ती आला तर? दांडेलीकडून हत्ती उतरतात तेव्हा त्याच्या डोळ्यांवर झोत मारू नका, चिडतो. बॅटरी जमिनीकडे, तोंडाने आवाज नाही, आणि आलेल्या वाटेने मागे. वनखात्याच्या माणसाचा नंबर आधीच मोबाइलमध्ये ठेवलेला असावा. बंदुकीचा यात काही संबंध नाही, काका.